स्वीडन ते इंग्लंड, बेलापूरमार्गे

इंगी,

तू गेल्यापासून माझ्या शेळ्या वाढायला लागल्या आहेत. परवा शेजारच्या हौसाबाईला सांगताना त्या सात झाल्या. काल दूधवाल्याला सांगितलं तेव्हा अकरा होत्या आणि त्यातली एक टेम्पो चालवत होती. दोघांनीही नुसत्या माना डोलावल्या. मयत झालेल्या घरातल्या म्हातारीला तोंडावर खोटारडी कोण म्हणणार? पण इतकी वर्षं शेळ्या दोनाच्या वर गेल्या की आतून तुझा आवाज यायचा, "वन्सं, एक शेळी हुती!" तो आला नाही. मी जराशी थांबले. वाट बघितली. मग नाइलाजानं बारावी घातली.

असं कसं चालेल गं? माझ्या थापांना कुंपण म्हणून देवानं तुला थेट स्वीडनहून मागवलं होतं. आता कुंपणच गेलं. उद्या मी सांगेन की प्रवरेला पूर आला तेव्हा मी पूल डोक्यावर घेऊन पलीकडं नेऊन ठेवला, आणि बेलापूर ते ऐकून घेईल.

लोक येतात, सतरंजीवर बसतात, हौसाबाईच्या घरून आलेला चहा घेतात आणि हळूच विचारतात, "अक्का, पर ही गोरी बाई हितं आली कशी?" मग मी सांगते. माझा धाकटा भाऊ वसंत साखर कारखान्यात फिटर. त्याला कारखान्यानं एका मशीनचं काम शिकायला स्वीडनला धाडलं. तो मशीन घेऊन आला आणि मशीनबरोबर बायको. मशीन दुसऱ्याच गळीत हंगामात बंद पडलं. तू मात्र जन्मभर चाललीस, वसंत गेल्यावरसुद्धा चाललीस, आणि कधी एक स्पेअर पार्ट मागितला नाहीस. एवढं सांगितलं की लोक हसतात, मग मयताच्या घरी हसलो म्हणून ओशाळतात. मी म्हणते, हसा. तिला चालायचं.

पण आज मी तुला हसवायला लिहीत नाही. एक भांडण अर्धं राहिलंय, ते मिटवायचं होतं. तुझ्या शेवटच्या पुस्तकात एक वाक्य कोरं राहिलं होतं. सगळं पुस्तक इंग्रजीत झालं, फक्त ती एक ओळ तू रिकामी ठेवलीस आणि शेजारी एक फुली मारलीस. तुझी लंडनची संपादक बाई फार सभ्य आहे. तेरावं होईपर्यंत थांबते म्हणाली. त्यानंतर तिथं ती काहीतरी गुळमुळीत घालून पुस्तक छापायला देणार होती. आणि ते वाक्य कुठलं आहे हे तुला आणि मलाच ठाऊक. ते गुळमुळीत झालेलं मला सोसवणारं नव्हतं. त्या वाक्यावर मी जन्म काढलाय, इंगी.

तर आधी तुझ्या कामाबद्दल. गावाला वाटायचं तू घरी बसून पत्रं लिहितेस. तू स्वीडिश गोष्टीची पुस्तकं इंग्रजीत करतेस हे सांगितलं की हौसाबाई म्हणायची, "मंग त्यात मराठी कुठं हाय?" हौसाबाईनं अगदी वर्मावर बोट ठेवलं होतं. मराठी होती ना! बाजेवर, माझ्या शेजारी. लंडनच्या लोकांना वाटतं स्वीडनहून पुस्तक सरळ त्यांच्याकडं येतं. येत नाही. स्वीडन ते इंग्लंड ही गाडी बेलापूरमार्गे जायची आणि इथं चहाला थांबायची.

तुझी कामाची रीतच निराळी. दुपारी भांडी झाली की ओट्यावरच्या बाजेवर तू एका कडेला, मांडीवर पुस्तक. मी दुसऱ्या कडेला, मांडीवर मेथी नाहीतर निवडायचे गहू. सरळ चाललेल्या मजकुरासाठी तुला माझी गरज नव्हती. पण एखादी म्हण आली, कुणी शब्दांशी खेळलं, की तुझी पेन्सिल थांबायची. तू मला स्वीडिश शब्द सांगायची नाहीस. इंग्रजीही नाही. तू माणसं सांगायचीस. "वन्सं, एक म्हातारा हाय. त्याला पोराकडून बोट पायजे. पर तो बोटीचं नाव काढत न्हाई. हवा कशी हाय, मासे कसे हायेत, तुझी बायको बरी हाय का, आसं बोलत बसतो. त्याला तुमी काय म्हनाल?"

मी म्हणायचे, "ताकाला जाऊन भांडं लपवतोय मेला."

तू टाळी वाजवायचीस. मग सांगायचीस की तुमच्याकडं त्याला गरम लापशीभोवती फिरणारं मांजर म्हणतात. मी म्हणायचे, मांजराला लापशी कोण घालतं, तुमच्याकडं उंदीर संपले का? तू ऐकायचीसच नाहीस. डोळे मिटून म्हणायचीस, "परत म्हना. भांडं कसं म्हनला ते परत म्हना." मी परत म्हणायचे. तुला माझे शब्द नको असायचे. तो म्हातारा किती चिडवण्यासारखा आहे, त्याच्यावर किती रागवावं आणि किती हसावं, ते माप तू माझ्या आवाजातून घ्यायचीस, जसा शिंपी अंगावरून फीत फिरवतो तसं. आणि मग इंग्रजीत तिसरंच काहीतरी लिहायचीस. त्यात मांजरही नसायचं आणि ताकही नसायचं. मी विचारायचे, मग माझं भांडं गेलं कुठं? तू म्हणायचीस, "आतच हाय. दिसत न्हाई."

मला ते कधी पटलं नाही. मी दिसेल तेच खरं मानणारी बाई. आणि दिसत नसेल तर दाखवणारी.

तुमच्या म्हणी मात्र मी सगळ्या पोटात घातल्या. घाई नाही असं सांगायला तुम्ही म्हणता, बर्फावर गाय नाही. ही मी ऐकली आणि मला स्वीडन एकदम शेजारचं गाव वाटायला लागलं. गाय बर्फावर गेली की सगळ्यांनी धावायचं, नाही गेली तर निवांत बसायचं, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? मी ती इथं चालू केली. एसटी चुकत होती तरी मी हौसाबाईला म्हणायचे, "चल सावकाश, बर्फावर गाय न्हाई." आता हौसाबाईच्या सुनासुद्धा म्हणतात. त्यांना वाटतं ही काश्मीरकडची म्हण आहे. आणि कुणी भलतंच बोलून बसला की तुम्ही म्हणता, यानं निळ्या कपाटात घाण केली. ही तर मी इतकी वापरली की वसंतनं घरातलं निळं कपाट रंगवून हिरवं केलं. हे खरं आहे. बरं, अर्धं खरं आहे. कपाट होतं.

माझ्यासाठी तू एक खास काढलीस. मी घोडेगावच्या बाजारात एका दलालाला बोलून बोलून कसं रडवलं ते सांगत होते, आणि तू डोकं हलवत म्हणालीस, "वन्सं, तुमच्या कानामागं कोल्हा हाय." मी खरोखर कान चाचपला. तू म्हणालीस, आमच्याकडं लबाड माणसाला असं म्हणतात. मी म्हटलं, "एकच कोल्हा?" तू एवढी हसलीस की चष्मा मेथीत पडला. तुमी खोटं बोलता, असं तू मला तोंडावर सांगायचीस, पण 'तुमी' कधी सोडलं नाहीस. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हे आमच्या आईनं तुला अगदी सुरुवातीला शिकवलं होतं. एकदा मी विचारलं, "तुमच्याकडं म्हणे सगळ्यांना अरे-तुरे. मग मलाच का तुमी?"

"आमच्याकडं राजा सोडून सगळ्यान्ला तू."

"मग मी काय राजा का?"

"तुमी राजाच्या बी वर. राजा कमी बोलतो."

आणि ती तुझी भाषा! पुण्याचे कोणी प्राध्यापक तुला भेटायला आले होते, आठवतं? दारात उंच, गोरी, पिकल्या कणसाच्या रंगाच्या केसांची बाई बघून ते इंग्रजी जुळवायला लागले, आणि तू म्हणालीस, "या की, बसा. पानी आनते. लई ऊन हाय." त्यांना घाम फुटला. त्यांच्यापेक्षा तुझी मराठी जास्त आमची होती, कारण ती तू आईकडून, खुरपायला येणाऱ्या बायांकडून आणि माझ्याकडून उचललीस. गावानंही तुझं नाव उचललं आणि वाटेल तसं वळवलं. इंग्रिडची इंगी झाली, इंद्राबाई झाली, रेशनच्या दुकानात इंदिरा झाली. मी चिडायचे. तू म्हणायचीस, असू द्या, आमच्याकडं म्हणतात, लाडक्या लेकराला नावं लई.

आता ते वाक्य. आधी मला शेवगावहून निघावं लागेल. आणि तू नाहीस तर माझ्या थापांचं कुंपण मलाच व्हायला हवं.

शेवगावच्या सासरी माझ्यावर काय गुदरलं त्याची मी कधी गोष्ट केली नाही. तुला नवल वाटायचं. राईचा पर्वत करणारी बाई, आणि तिथं एवढी गप्प. अगं, खऱ्यापेक्षा मोठं करता येईल असं तिथं काही उरलंच नव्हतं. एका सकाळी मी पत्र्याची पेटी उचलली आणि निघाले. एसटी घोडेगावात थांबली तर जनावरांचा बाजार भरलेला. मी उतरले आणि शेळी घेतली. का घेतली म्हणून पुढं सगळ्यांनी विचारलं. कायमची माहेरी येणारी बाई रिकाम्या हातानं येऊ नये, हे आमच्याकडं कुणी सांगत नाही, पण प्रत्येकीला ठाऊक असतं. खाणारं तोंड वाढतंय म्हटल्यावर निदान दूध देणारं एक तोंड बरोबर असावं. एसटीवाल्यानं शेळी घेतली नाही. एका टेम्पोच्या हौद्यात कांद्याच्या गोण्यांवर बसून मी आणि शेळी संध्याकाळच्या आत बेलापुरात उतरलो.

ओट्यावर सगळे होते. बाजेवर वडील, वसंत आणि कडेला तू, पोटात मीरा घेऊन बसलेली. खाली सतरंजीवर आई आणि दोन चुलत्या. मला बघून बोलणं थांबलं. आईनं आधी पेटीकडं बघितलं, मग शेळीकडं, मग माझ्या तोंडाकडं, आणि तिला सगळं कळलं. कळलं म्हणूनच तिच्या तोंडून शब्द फुटेना. लेक चार दिवसांसाठी आली असती तर पाच जणांनी "ये, बस" म्हटलं असतं. ही कायमची आली होती. तिला बस म्हणणं म्हणजे खूप काही म्हणणं होतं. ते कुणी म्हणायचं? वडील आईकडं बघत होते, आई वडिलांकडं. शेळी सगळ्यांकडं बघत होती.

तुला तेव्हा मराठीतलं फक्त 'पानी', 'नको' आणि 'लई गरम' एवढंच येत होतं. आमच्यातलं काय म्हणायचं असतं आणि काय नाही हे तुला कुठून माहीत असणार? तू आपलं जड अंग उचलून कडेकडेला सरकलीस. इतकी सरकलीस की वसंतला पाय खाली सोडून बसावं लागलं. मग मोकळ्या झालेल्या सुंभावर हात आपटलास, दोनदा, आणि तुझ्या भाषेत काहीतरी बोललीस. गाणं म्हटल्यासारखं. कुणालाच कळलं नाही. मी पेटी खाली ठेवली आणि बसले. शेळीनंही पुढचे दोन पाय बाजेवर टेकवले. तेव्हा आई उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. घरात माझी सोय कुठं करायची ह्यावर त्यानंतर चर्चा झाली असेल तर ती माझ्यापर्यंत कधी आली नाही.

तू काय बोललीस ते मी विचारलं नाही. कैक वर्षं मी धरून चालले होते की तू म्हणालीस, शेळी लांब बांधा.

आणि मग यंदा ते पुस्तक आलं. समुद्राकाठचं गाव. म्हातारीचा नवरा वारलाय, घर माणसांनी भरलंय, आणि उशिरानं तिची सून येते, वर्षांपूर्वी भांडून गेलेली. दारात उभी राहते. कुणी बस म्हणत नाही. तेव्हा ती म्हातारी बाकावरून एक ओळ बोलते. तू ती वाचलीस आणि पुस्तक मिटलंस. म्हणालीस, "वन्सं, हे मी तुमाला म्हनले हुते. शेळीच्या दिवशी."

मग पहिल्यांदाच तू मला शब्द सांगितलेस. यार्तेरूम असेल तर शार्तेरूम असतं. यार्तेरूम म्हणजे काळजातली जागा. शार्तेरूम म्हणजे बूड टेकायची जागा. एका अक्षराचा काय तो फरक. तुमच्याकडच्या आज्या दाटीवाटीत कुणी आलं की असं म्हणतात, आणि सगळे हसतात आणि सरकतात.

मी चहा ओतत होते. कप भरायच्या आत मी म्हटलं, "मनात ठाव, तर बुडाला वाव."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालीस, "हे तुमच्यात जुनं हाय?" मी म्हटलं, ज्ञात इतिहासाच्या आधीपासून. तू म्हणालीस, "वन्सं." मी म्हटलं, बरं, आत्ताच केलं. तेव्हा तू हसायचं सोडून रडलीस, आणि मग चिडलीस. "तुमचं झालं! आता मला इंग्रजीत पायजे!"

इंग्रजीत काळजाचं आणि बुडाचं काही केल्या जमेना. हार्टला जुळणारा एक शब्द मला शाळेपासून येत होता, तो मी सुचवला. तू चष्मा काढलास.

"वन्सं, ही बाई मयताला बसलीय."

"मग काय झालं? मयताला बसलेल्यांना पोट नसतं का?"

आपलं भांडण तिथून पेटलं. तुला यमक हवं होतं. तू म्हणायचीस, त्या म्हातारीचे शब्द एकमेकांना चिकटून बसलेत म्हणून तर ते ऐकून माणसं चिकटून बसतात. बूड गेलं तरी चालेल. मला बूड हवं होतं. मी म्हणायचे, काळजात जागा द्यायला कुणाचं काय जातं? तसं तर सगळेच देतात. खरी जागा बुडाखालची. ती सोडायची म्हणजे आपल्याला उठावं लागतं, सरकावं लागतं, पाय अवघडतात. बूड काढलंस तर त्या म्हातारीनं काय दिलं? नुसता आशीर्वाद? तू म्हणायचीस, मग दोन ओळी होतील, आणि नसलेलं घालायचं नाही. मी म्हणायचे, असलेलं काढायचंही नाही, हा तुझाच नियम. असे आपण सगळा उन्हाळा भांडलो. मेथीचा हंगाम संपला, गहू निवडून झाले, कणग्या भरल्या, तरी ती ओळ कोरीच.

त्या दिवशी दुपारीही तेच. जेवताना मी म्हटलं, "दे मग टाकून. बस तुझं यमक कुरवाळत." तू ताट उचललंस आणि नेहमीसारखं म्हणालीस, "तक फोर मातेन, वन्सं." जेवणाबद्दल आभार. ह्या घरात आल्यापासून एका जेवणाला तू हे चुकली नाहीस. आई सुरुवातीला दुखावली होती. घरच्या घरी आभार कसले, आम्ही काय खानावळ चालवतो का, म्हणाली होती. मग सवय झाली. पण तुला उलट आभार मानायची सवय आमच्यात कुणालाच लागली नाही. मी त्या दिवशी नुसतं "हं" केलं. तू आत जाऊन आडवी झालीस. चहाला हाक मारली तेव्हा उठली नाहीस.

मीरा पोचायला वेळ लागला. विमानं आपल्या सोयीची नसतात. नदीकाठी तुला पोचवून आलो तेव्हा तुझी एकुलती एक लेक कुठल्या तरी परक्या विमानतळावर बाकड्यावर बसली होती. आली ती भर दुपारी. ओटा बायकांनी भरलेला. गाडीतून उतरली आणि पायरीवरच थांबली, हातात बॅग, पायातले बूट काढावे की न काढावे अशी. डोक्यावर तुझे केस, तोंडावर माझ्या वसंतचं नाक. आईच्या मातीला पोचली नाही म्हणून तिला वर यायला लाज वाटत होती. बाया तिच्याकडं बघत होत्या. एवढी वर्षं परदेशात राहिलेल्या मुलीला काय म्हणावं, मराठीत म्हणावं की कशात, ते कुणाला सुचेना. हौसाबाईसुद्धा गप्प. हौसाबाई!

मी बाजेवर होते. मला बोलता येईना. तुला खोटं वाटेल, पण माझ्या तोंडात शब्द नव्हता. मी आपली सरकले. गुडघे कुरकुरले. शेजारच्या बाईला ढकललं. आणि सुंभावर हात आपटला. दोनदा.

ती आली आणि बसली. खांद्यावर डोकं टाकून रडली तेव्हा कुठं बाया हलल्या. कुणी पाणी आणायला उठली, कुणी तिची बॅग आत नेली. मला एकदम कळलं की मी काय केलं, आणि ते कुणाकडून शिकले.

संध्याकाळी माणसं पांगली. मीरानं तुझा लॅपटॉप उघडला आणि ती फुली मला दाखवली. "आत्या, आईनं शेवटी काय ठरवलं होतं?"

"काही नाही. भांडत होतो."

"मग मी काय घालू? तिकडं त्यांनी 'मोठ्या मनाला सगळे आपले' असं काहीतरी सुचवलंय."

"घालू दे, म्हणजे मी लंडनला येते काठी घेऊन."

ती हसली. मग म्हणाली, "आत्या, ती शेळीची गोष्ट सांगा ना. जशी घडली तशी."

मी सांगितली. पेटी, घोडेगावचा बाजार, टेम्पो, कांद्याच्या गोण्या. मीरा मध्येच थांबली. "एकच शेळी?"

"एकच."

"मी लहान असताना नऊ होत्या."

"बाकीच्या तुझ्या आईबरोबर गेल्या," मी म्हटलं.

तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. मग तुझ्यासारखंच डोळे मिटून म्हणाली, "परत सांगा. आई काय म्हणाली ते नको. तिनं काय केलं?"

"सरकली. हात आपटला. मग म्हणाली."

"आणि हे तुम्हाला इंग्रजीत सांगायचं असतं, मला, आज दुपारी, तर काय म्हणाला असता?"

मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीची पेटी उघडली. तिच्यात फार काही नाही, तुला ठाऊक आहे. पण सरक म्हणायला आणि जागा आहे म्हणायला काय लागतं? मी म्हटलं. चार-पाच शब्द. चुकतमाकत. मीरानं ते टाइप करून मोठ्यानं वाचलं, एक शब्द बदलला, परत वाचलं. 'शिफ्ट अप, देअर्स रूम.' एवढंच. एखादी म्हातारी भरल्या घरात दोन्ही बाजूंच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणेल, एवढंच.

इंगी, तुझं यमक गेलं. माझं बूड गेलं. मी आयुष्यात इतकं लहान काही बोलले नव्हते. पण मीरानं वाचलं तेव्हा मी आपोआप सरकले. हौसाबाई पायरीवर बसून आमचं बोलणं ऐकत होती. तिला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही. तीही सरकली. मी विचारलं, का गं सरकलीस? म्हणाली, "तिच्या बोलन्यावरनं वाटलं, कोनतरी यायलंय."

मीरानं फुली खोडली. तुला ही ओळ पटली असती का, मला माहीत नाही. तू नक्की म्हणाली असतीस की काळीज कुठं गेलं. तर मी तुझंच उत्तर तुला देते. आतच आहे. दिसत नाही.

आता एक गोष्ट राहिली. त्या दिवशी तू सरकलीस त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. घरच्या घरी आभार मानायचे नसतात ह्या आमच्या रितीमागं मी जन्मभर लपले. तूही कधी काढून दाखवलं नाहीस. पण तुमच्याकडं एक पद्धत आहे, तूच सांगितलेली. दोन माणसं पुन्हा भेटली की आधी मागच्या भेटीचे आभार मानायचे. तक फोर सेनास्त. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. झालं गेलं, आता कशाला? आता वाटतं, बरी पद्धत आहे. राहिलेलं फेडायला पुढची भेट शिल्लक असते.

बाजेवर आता ऐसपैस जागा आहे. तरी मी माझ्या कडेलाच बसते, मांडीवर निवडायचं काहीतरी घेऊन. सवय. मीरा जायची आहे पुढच्या आठवड्यात. मग मी आणि हौसाबाई. बर्फावर गाय नाही. मी काही लगेच येत नाही. पण येईन तेव्हा पेटी असेल, आणि रिकाम्या हातानं येणार नाही. शेळी आणीन. एकच आणीन, शपथ. दारात उभी राहून आधी मागच्या भेटीचे आभार मानीन, तुझ्या भाषेत, चुकतमाकत.

तू फक्त जरा सरकून बस.